फाटकावरचा लूप

बैल घेताना दात बघतात, तशी प्रणोती देसाई राऊटर घेताना पंखा बघायची. विक्रेते गुळगुळीत कागदावरचे रंगीत आलेख पुढ्यात मांडत, आणि ही बाई तोवर झाकणाचे स्क्रू काढून पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवत असे. आजऱ्याकडचा तांबडा फुफाटा ज्या पंख्याला सोसत नाही, त्या राऊटरची अक्कल कितीही तल्लख असो, तिच्या लेखी तो दम्यानं धापा टाकणारा नवरदेव होता. चार दिवस मिरवेल आणि मग अंथरूण धरेल.

२०३८ च्या एप्रिलात तिनं असे तीन नवरदेव कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बसवले. कार्यालय 'पाणंद ब्रॉडबँड'चं. आजऱ्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांना इंटरनेट पुरवणारी ही छोटी कंपनी तिनं आणि तिच्या दिरानं, धैर्यशीलनं, मिळून काढली होती. कागदपत्रं, परवाने आणि गोड बोलणं त्याच्याकडे, यंत्रं आणि खरं बोलणं हिच्याकडे. वाटणी दोघांनाही मानवली होती.

राऊटर म्हणजे नाक्यावरचा वाटाड्या. माहितीचं प्रत्येक पुडकं त्याच्यापाशी येतं, तो त्यावरचा पत्ता वाचतो आणि पुढची वाट दाखवतो. सगळं धड चालू असताना हे काम कुठलाही राऊटर करतो. खरी परीक्षा वाट बंद पडल्यावर होते. म्हणून प्रणोती चालत्या राऊटरची एक केबल हिसडा मारून उपसायची आणि तो दुसरी वाट कशी शोधतो ते बघत उभी राहायची. स्वस्तातला राऊटर गांगरला आणि पुडकी गोल गोल फिरवत बसला. दुसरा मोठ्या घरचा. तो झटक्यात सावरला, पण भर दुपारी पत्र्याखाली तापला आणि स्वतःलाच बंद करून मोकळा झाला. तिसरा गांगरला नाही, तापला नाही. शिवाय त्याला कान होते.

त्याचं नाव नादवेध. त्याच्या कानांची हकिकत थोडक्यात सांगायला हवी. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार. तिच्यातून उजेडाचा ठोका सोडला की तो पलीकडे पोचतो, पण काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक खोट उरतेच, आणि त्या खोटीवर आपटून उजेडाचा कणभर भाग मागं परततो. तारेजवळची जमीन हादरली की काच किंचित ताणते आणि हा परतणारा उजेड बदलतो. तो किती वेळानं परतला, यावरून हादरा तारेच्या कितव्या मीटरवर बसला ते कळतं. तंत्र जुनंच होतं. भूकंपाचे अभ्यासक आणि तेलाच्या नळांवर पहारा करणारे ते कधीपासून वापरत, पण त्यांचं यंत्र कपाटाएवढं असे. नादवेधवाल्यांनी ते राऊटरमधल्या एका चिपवर आणून बसवलं, आणि ऐकलेल्या हादऱ्याला नाव देणारी बुद्धी सोबत दिली. ट्रक गेला. जेसीबी जवळ येतोय. कुदळ पडली. दोन माणसं चालतायत.

केबल तुटल्यावर धावण्यापेक्षा तुटण्याआधी कळलेलं कुणाला नको असतं? प्रणोतीला तर हा राऊटर पाहता क्षणी आवडला. असे बारा घ्यायचे ठरले, पण त्याआधी एक लावून बघू, असं तिनं नादवेध विकणाऱ्या कंपनीच्या मेहेंदळ्यांना कळवलं आणि सगळ्यात त्रासाची लाईन त्याच्या गळ्यात मारली. आजरा ते चाफेखिंड.

त्या लाईनीच्या शेवटी आरोग्य केंद्र होतं. तिथं यंत्राचा हात गरोदर बायांची सोनोग्राफी करी, आणि तो हात हलवणारी डॉक्टरीण कोल्हापुरात आपल्या दवाखान्यात बसलेली असे. दिवसभराचे पेशंट संपवून ती संध्याकाळी चाफेखिंडीकडे वळायची. लाईन गेली की हात जागच्या जागी गोठायचा, आणि पोटावर थंडगार जेल लावून घेतलेली बाई छताकडे बघत पडून राहायची.

आणि चाफेखिंड हे प्रणोतीचं माहेर होतं. गावाच्या तोंडाशीच तिच्या थोरल्या भावाचं, सयाजीराव शिंत्र्यांचं घर. काजूची बाग, घनसाळ भाताची खाचरं, आणि रस्त्यावर उघडणारं लोखंडी फाटक. त्या फाटकावरून बहीणभावात बिनसलं होतं.

झालं होतं असं की पाच वर्षांपूर्वी केबल टाकायच्या वेळी ग्रामसभेत सयाजीराव उठून म्हणाले, की ही वायर दारावरून जाणार म्हणजे दारातलं सगळं ऐकणार, आमच्या घरात कोण आलं-गेलं ते आजऱ्यात कळणार. प्रणोती तेव्हा नवी नवी कंपनीवाली, तोंडाची फटकळ. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, वायरीला कान नसतात." सभा खो खो हसली. सयाजीराव धोतराचा सोगा सावरत निघून गेले. त्यांनी फाटकासमोर खोदू दिलं नाही आणि घरात कनेक्शनही घेतलं नाही. बाकी सगळीकडे चरातून गेलेली केबल त्यांच्या फाटकापाशी खांबावर चढली आणि फाटक ओलांडून पलीकडच्या खांबावरून पुन्हा मातीत शिरली.

बोलणं तुटलं तरी नातं काही तुटलं नव्हतं. दर सुगीनंतर एसटीनं घनसाळ तांदळाचं पोतं यायचं, चिठ्ठी ना निरोप. माहेरचं पोतं रिकामं परत धाडू नये म्हणून प्रणोती त्यातून बेळगावी कुंद्याचे डबे पाठवायची. तेही मुक्यानंच.

आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. केबल टाकणाऱ्यांची एक रीत असते. जिथं आज ना उद्या गरज लागेल, तिथं जास्तीच्या केबलचं वेटोळं करून खांबावर टांगून ठेवायचं. त्याला लूप म्हणतात. पुढंमागं केबल तुटली तर ओढून घेता येते, नवं घर जोडायचं झालं तर हाताशी असते. सयाजीरावांच्या फाटकावरच्या खांबावर प्रणोतीनं साठ मीटरचा लूप टांगायला लावला. तिचा जुना लाईनमन इस्माईल मुल्ला म्हणाला, की ताई, यांनी कनेक्शन नको म्हटलंय, मग हितं लूप कशाला? ती म्हणाली, राहू दे. नकाशात तेवढी साठ मीटर काच 'शिंत्रे यांचं फाटक' म्हणून नोंदली गेली, आणि ते वेटोळं पाच वर्षं तिच्या मनात तसंच टांगलेलं राहिलं.

नादवेध लावला आणि तिसऱ्या आठवड्यात चाफेखिंडीची लाईन संध्याकाळची मूर्च्छा येऊन पडू लागली. पडायची आणि आपोआप उठायची. तुटलेली केबल परवडली, पण येऊन-जाऊन होणारा बिघाड हिवतापासारखा. डॉक्टर येईस्तोवर ताप उतरलेला. प्रणोतीनं टोकाची जोडणी पुसून घेतली, उजेड सोडणारा मॉड्यूल बदलला, लाईन दुसऱ्या पोर्टवर घेऊन पाहिली. वरच्या टोकाला जाऊन आरोग्य केंद्रातला बॅटरीचा डबाही बदलून आली, जाताना आणि येताना फाटकापुढून गाडी जोरात हाकून. मूर्च्छा काही थांबेना. मग तिनं नादवेधलाच विचारलं, की बाबा रे, तू काय ऐकलंस?

नादवेधनं सांगितलं. दोन इसम, ओझ्यासह. केबलवर मुद्दाम दाब. ठिकाण, शिंत्रे यांचं फाटक.

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी कोल्हापूरची डॉक्टरीण एका पायाळू बाळाचं डोकं शोधत होती आणि हात गोठला. नर्स धीराची निघाली. तिनं वेळ न घालवता त्या बाईला गाडीत घालून गडहिंग्लजला हलवलं आणि दोघंही सुखरूप राहिली. पण ते थोडक्यात निभावलं होतं, आणि गावाला ते कळलं होतं.

तिसऱ्या खेपेनंतर गोष्ट कंपनीच्या हातात राहत नसे. दोन वर्षांपूर्वी नवा नियम आला होता. कुणी केबलशी खेळ करतोय असं यंत्रानं तीनदा एकाच ठिकाणी नोंदवलं, तर सेवा देणाऱ्यानं त्यानंतरच्या सोमवारपर्यंत ते पोलिसांत दाखल करायचं. यंत्राची साक्ष न्यायालयात चाले, अट एकच. कंपनीच्या तांत्रिक प्रमुखानं खाली सही करून ती खरी असल्याचं सांगायचं. 'पाणंद'ची तांत्रिक प्रमुख प्रणोती होती, आणि गुन्हा जामीन न मिळणाऱ्यांपैकी होता.

धैर्यशील अहवाल घेऊन तिच्या टेबलापाशी आला. तो वाईट माणूस नव्हता. सयाजीरावांच्या बागेतले काजू त्यानंही खाल्ले होते. दोन इसम म्हणजे सयाजीराव आणि त्यांचा गडी, हे त्यानं उच्चारलं नाही आणि तिनंही नाही. चोराला सावध करायचं नाही म्हणून लाईनमनांनाही काही सांगितलेलं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "उद्या एखादी बाई अडली आणि त्याच वेळी लाईन गेली, तर आपण माहेर-सासर बघत बसलो होतो असं सांगायचं का?"

प्रणोतीचा राग उसळला तो भावावरच. पाच वर्षं मनात धरून ठेवलं आणि आता बायाबापड्यांच्या जिवाशी खेळ? तिनं यंत्र स्वतः निवडलं होतं, उन्हात तापवून, हिसडे देऊन पारखलं होतं. ते खोटं बोलणाऱ्यातलं नाही याची तिला खात्री होती. तिनं फोन उचलला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा भावाचा नंबर लावला. खुशाली नाही, काही नाही. संध्याकाळी तुझ्या फाटकापाशी कोण असतं, असं तिनं थेट विचारलं.

सयाजीराव म्हणाले, "माझ्या फाटकापाशी कोण असतंय, ते तुझी वायर सांगतीया की. मला कशाला इचारतीस?"

आणि फोन ठेवला. वायरीला कान आले हे त्याला कसं कळलं, हा विचार तिला नंतर सुचला. कळायला फार काही लागत नव्हतं. असा प्रश्न विचारल्यावर कुणालाही कळलं असतं. पाच वर्षांपूर्वी भरसभेत ज्याला खुळ्यात काढलं, त्याचं म्हणणं तिनं स्वतःच्या हातांनी खरं करून ठेवलं होतं. ती खुर्चीत बसून राहिली आणि तिला भयंकर लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून सही टळत नव्हती. शनिवारी सकाळी तिनं अहवाल उघडला. नादवेधनं काढलेला निष्कर्ष दोन ओळींचा होता. त्याखाली, सहसा कुणी बघत नाही असं, मूळ ऐकलेलं चित्र होतं. ज्यावर सही करायची ते आधी उघडून बघायचं, ही तिची पंख्यापासूनची खोड. तिनं चित्र मोठं केलं.

चित्र वाचायला सोपं होतं. आडवे मीटर, उभा वेळ. माणूस केबलच्या कडेनं चालला की हादरा या मीटरवरून त्या मीटरवर सरकत जातो आणि पडद्यावर तिरकी रेघ उमटते. फाटकापाशीही अशीच तिरकी रेघ होती. पावलं हळूहळू, एकेक मीटर ओलांडत, साठच्या साठ मीटर चालत गेली होती आणि मग एका जागी थांबून दाब पडला होता. यंत्राचं ऐकणं बिनचूक होतं.

तिनं चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

ती साठ मीटर काच म्हणजे लूप. वेटोळं करून एका खांबावर टांगलेला. तो खांब हलला तर आख्खं वेटोळं एकदमच हललं पाहिजे, सगळे साठ मीटर एकाच क्षणी. पडद्यावर सरळ आडवी रेघ यायला हवी. टांगलेल्या वेटोळ्यातून कुणाला चालत जाता येत नाही. पावलं त्या काचेवरून चालत गेली असतील, तर ती काच जमिनीवर सरळ पसरलेली असणार. म्हणजे ती फाटकावर नव्हतीच.

तिनं लाईनची एकूण लांबी मोजून पाहिली. नकाशाशी तंतोतंत जुळली. आणि एवढ्यासाठीच तर आजवर कुणाला शंका आली नव्हती. तिनं इस्माईलभाईंना बोलावून फक्त एवढंच विचारलं, की दादाच्या फाटकावरचा लूप कुठं आहे?

इस्माईलभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मग सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षी वादळात ओढ्याकाठचं जांभळीचं झाड उन्मळलं आणि मुळांनी चरातली केबल फाडून वर काढली. प्रणोती तेव्हा हैदराबादला होती. घाट बंद, केबलचं रीळ वर येईना, आरोग्य केंद्र अंधारात. फाटलेला तुकडा कापून काढावा तर साठेक मीटर कमी पडत होते. तेव्हा सयाजीराव फाटकातून बाहेर आले आणि म्हणाले, की हे काय टांगलंय, हे ओढून घ्या. स्वतः खांबाला शिडी लावली. जेवढी केबल कापून टाकली तेवढीच लूपमधून पुढं सरकली, म्हणून एकूण लांबी तीच राहिली. ओढ्याकाठी खडक लागला, तिथं चार बोटं मातीच वर टाकता आली. ही दुरुस्ती नकाशात का चढवली नाही, असं तिनं विचारलं, तेव्हा इस्माईलभाई खाली बघत म्हणाले, "त्यांनी शपथ घातली ताई. तिला सांगू नकोस म्हणाले. का, ते त्यांनाच इचारा."

उन्हं उतरायच्या आत प्रणोती चाफेखिंडीत होती. या वेळी तिनं गाडी फाटकापाशी थांबवली. खांबावरचा हूक रिकामा होता. सयाजीराव अंगणात काजूच्या बिया पसरत होते. त्यांनी तिला पाहिलं, हात झटकले, आणि आत बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. माहेरच्या मातीत पाय पडला की प्रणोतीची बोली फिरायची आणि तिकडच्या बायकांसारखी ती 'आलो-गेलो' म्हणू लागायची. "चहा मागनं घेतो," ती म्हणाली. "आधी माझ्यासंगं ओढ्यापर्यंत चल."

दोघं रस्त्याच्या कडेनं चालत गेली. ओढा फाटकापासून हाकेच्या अंतरावर होता. उन्मळलेल्या जांभळीचा बुंधा अजून तसाच पडलेला, आणि त्याच्यापलीकडे ओल्या मातीत केबल ठिकठिकाणी उघडी पडलेली. मातीत खुरांचे खोल ठसे होते. सयाजीरावांनी ते पाहिले आणि तिचा दंड धरून तिला बुंध्याआड खाली बसवलं. थोडा वेळ गेला. मग समोरच्या झाडीतून एक गवा बाहेर आला, काळा, रुंद, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखा. उतारावरून केबलच्या कडेकडेनं, घाई नसलेल्या माणसासारखा तो पाण्यावर आला आणि दोन्ही पुढचे पाय केबलवर रोवून प्यायला लागला.

प्रणोतीचा फोन थरथरला. धैर्यशील होता, आवाज दबलेला. म्हणाला, की वहिनी, लाईन आत्ता गेली. यंत्र सांगतंय, दोन इसम, ओझ्यासह, तुमच्या भावाच्या फाटकापाशी, या क्षणाला. पोलिसांना कळवू का?

"भाऊजी," ती कुजबुजली, "त्यातला एक इसम माझ्याशेजारी बसलाय." आणि तिनं फोनचा कॅमेरा ओढ्याकडे वळवला. "ओझं ते बघा."

पलीकडून धैर्यशीलनं हसू दाबल्याचा आवाज आला आणि मग तो हसायचा थांबेना. नादवेधची बुद्धी बंगळूर-पुण्याच्या फुटपाथांवर वाढलेली. तिनं उभ्या जन्मात गवा पाहिला नव्हता. चार पाय ऐकू आले तेव्हा तिनं साधा हिशेब केला, दोन माणसं. वजन जास्त वाटलं तेव्हा दुसरा हिशेब केला, ओझं. टनभर वजन खडकावरच्या काचेवर उभं राहिलं की काच दबते, उजेड अडतो. तहान भागवून गवा गेला की काच मोकळी आणि लाईन चालू.

सयाजीरावांनी तिच्या हातातला फोन घेऊन पडद्यावरची ओळ वाचली. दोनदा वाचली. "म्हंजे ह्यो मी?" त्यांनी गव्याकडे बोट केलं.

"यंत्राला तसं वाटलं. मलाबी वाटलं." तिनं नजर खाली केली नाही. "दादा, वायरीला कान नसतात म्हणून मी तुला भरसभेत हसलो. तू बरोबर होतास. कान आलेत, आणि मीच आणलेत. मी चुकलो."

गवा पाण्यातून तोंड वर काढून त्यांच्या दिशेनं बघत होता. सयाजीराव तो वळून झाडीत शिरेपर्यंत थांबले. मग हळूच म्हणाले, की ग्रामसभेचं सोड, ते आपण कधीच विसरलो. प्रणोतीला हे धादांत खोटं आहे हे कळलं आणि फार बरं वाटलं.

"लूप दिलास ते मला का सांगू दिलं न्हाईस?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "कनेक्शन नको म्हणून मी तुला परत पाठिवलं, तरी तू माझ्या दारात वायर गुंडाळून ठिवलीस. रोज जाता-येता दिसायची. तीच मी काढून दिली म्हटल्यावर तुला वाईट वाटलं असतं."

पाच वर्षं प्रणोतीला वाटत होतं की त्या वेटोळ्याचा अर्थ तिच्या एकटीलाच ठाऊक आहे. तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं आणि तो पदर नसून कामावरचं जाकीट आहे हे तिच्या ध्यानात आलं. सयाजीराव म्हणाले, की चल, चहा निवंल.

सोमवारी अहवाल दाखल झाला नाही. त्याऐवजी ओढ्याकाठची केबल जाड लोखंडी नळीत घालून खडकाला जखडली गेली, आणि आरोग्य केंद्राचा यंत्रहात पुन्हा गोठला नाही. गवा त्याच जागी पाणी पितो. त्याला कुणी हटकलेलं नाही.

मेहेंदळे दुसऱ्या आठवड्यात बारा राऊटरांची ऑर्डर घ्यायला आले. प्रणोतीनं राऊटरची तोंडभरून स्तुती केली. पंखा उत्तम, वाट शोधण्यात पटाईत, ऐकणं तर बिनचूक. मग म्हणाली, की बाराही घेते, पण माणसाच्या चालण्याचा ठेका चिपमध्येच गाळून टाका. यंत्रानं तो ऐकायचाच नाही, मग नोंदायचा आणि नाव द्यायचा प्रश्नच येत नाही. जेसीबी, कुदळ, खचणारी जमीन एवढं ऐकलं तरी आमचं भागतं. मेहेंदळे गडबडले. पावलं ओळखणं हेच तर या राऊटरचं मुख्य वैशिष्ट्य आहे, असं ते म्हणाले. शहरातले ग्राहक त्यासाठीच रांगा लावतात.

"आमच्याकडं लोक दारातनं ये-जा करतात," प्रणोती म्हणाली. "ती त्यांची त्यांना ठाऊक असते. मला ठाऊक असायचं कारण नाही."

धैर्यशीलनं खोकून, म्हणजे घ्यायचंच नाही असं काही नाही, अशी गोड पुस्ती जोडायला तोंड उघडलं. वहिनीचा चेहरा बघून मिटलं. मेहेंदळे कंपनीशी बोलले, परत आले, आणि अट मान्य झाली. पुढं त्यांनी तोच राऊटर 'ग्रामीण आवृत्ती' म्हणून वाढीव किमतीला विकायला काढला, पण तो त्यांचा प्रश्न.

चाफेखिंडीला नवा राऊटर बसवायच्या दिवशी सयाजीराव फाटकापाशी येऊन उभे राहिले. प्रणोतीनं विचारलं, की आता तरी कनेक्शन घेतोस का? ते म्हणाले, नको. मग रिकाम्या हुकाकडे बोट करून म्हणाले, की लूप तेवढा टांग. इस्माईलभाईंनी शिडी लावली. साठ मीटरचं नवं वेटोळं खांबावर चढलं, आणि या वेळी प्रणोतीनं नकाशात ते स्वतः नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात नादवेधनं कुरकुर केली. अज्ञात हादरा, शिंत्रे यांचं फाटक, कारण नोंदवा. प्रणोतीनं चित्र उघडलं. सरळ, आडवी, स्वच्छ रेघ. साठच्या साठ मीटर एकाच क्षणी हलले होते. कुणीतरी जाता जाता खांबावर थाप मारली होती. तिसऱ्या दिवशीही तीच रेघ, बागेत जायच्या वेळेला. चौथ्या दिवशीही. धैर्यशीलनं विचारलं, की हूक ढिला आहे का, माणूस पाठवू का? ती म्हणाली, "राहू द्या." आणि कारणाच्या रकान्यात 'परिचित' असं नोंदवून टाकलं. मग ती सवयच झाली. आधी ती रेघ बघायची, मग चहा, मग कामाचा दिवस.

दसऱ्याच्या सुमाराला एक सकाळ अशी आली की रेघ आलीच नाही. प्रणोतीनं वाट पाहिली. लाईन तपासली, लाईन धडधाकट होती. चहा निवला. शेवटी तिनं फोन उचलून भावाला लावला आणि त्यानं हॅलो म्हणायच्या आत म्हणाली, "आज थाप मारली न्हाईस."

पलीकडे बाजाराचा गलका होता. सयाजीराव मोठ्यानं हसले.

"गडहिंग्लजला आलोय बाई, काजू घिऊन," ते म्हणाले. "उद्या दोन मारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर दोन आडव्या रेघा आल्या.